डॉक्टरसाहेब, माझ्या हाताचं माप घ्यायचं राहिलं

परमपूज्य, प्रातःस्मरणीय डॉक्टरसाहेब यांच्या सेवेशी,

चंद्रपूरच्या एका लेडीज टेलर बाईचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्रास कारण की, आपले उपकार माझ्याकडे फार साचले आहेत आणि ते फेडायला आता या पत्राखेरीज दुसरा मार्ग दिसत नाही.

पहिला उपकार खरा आहे, तो हात जोडून मानते. माझ्या डाव्या स्तनातली गाठ आपण काढलीत, काखेतल्या लसीका ग्रंथी काढल्यात, केमो आणि रेडिएशन वेळच्या वेळी पार पाडलंत. आज मी दुकानाचं शटर वर करते ती आपल्यामुळे. हे मी जन्मात विसरणार नाही. पण त्यापुढचे उपकार आपण इतक्या सहज केलेत की ते आपल्या लक्षातही नसतील. म्हणून एकेकाची आठवण करून देण्याचं धाडस करते. मोठ्या मनानं वाचावं.

आपण दिलेल्या डिस्चार्ज कार्डाबद्दल प्रथम आभार. किती सुबक कार्ड होतं ते! टाके कधी काढायचे, ड्रेनच्या नळीतलं पाणी किती झालं की सांगायचं, कोणती गोळी जेवणाआधी, कोणती जेवणानंतर, केमोची पहिली तारीख, बिलिंगच्या खिडकीची वेळ. सगळं होतं. नव्हता तो फक्त माझा डावा हात. ज्या काखेतून आपण ग्रंथी काढल्यात त्याच काखेला तो जोडलेला आहे, पण कार्डात त्याच्यासाठी एक ओळ नव्हती. माझ्या हातावर आपला एवढा विश्वास! तो आपलं आपण बघून घेईल, असं आपण गृहीत धरलंत. त्या बिचाऱ्याला हे कोणी सांगितलंच नाही.

ऑपरेशनच्या आधी हाताचं माप न घेऊन आपण माझा वेळ वाचवलात, त्याबद्दलही ऋणी आहे. रक्त तपासलंत, छातीचा फोटो काढलात, इको केलात, वजन घेतलंत, उंची घेतलीत. टेप मात्र कोणाच्या हाती दिसली नाही. माझ्या दुकानात ब्लाउज टाकायला येणाऱ्या प्रत्येक बाईची छाती, कंबर, मुंढा, बाहीची उंची आणि दंडघेर मी वहीत लिहून ठेवते. दीडशे रुपयांच्या शिलाईसाठी मी एवढं करते. आपल्या जाडजूड फायलीत माझ्या दंडघेराला जागा नव्हती.

तसं हे माप पाच मिनिटांचं काम आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मनगट, कोपर आणि मधल्या ठरावीक अंतरांवर दोन्ही हातांना टेप लावायची आणि आकडे कागदावर उतरवायचे. माणसाचे दोन्ही हात मुळातच सारखे नसतात. रोजच्या कामाचा हात थोडा भरलेला असतो. आधीचा आकडा हाताशी नसेल तर नंतर आलेली सूज किती आणि जन्मजात फरक किती, हे कळायला मार्ग उरत नाही. दोन हातांत दोन सेंटिमीटरचा फरक दिसला, किंवा एका हाताचं आकारमान दहा टक्क्यांनी वाढलं, की डॉक्टरमंडळी त्याला लिम्फेडेमा म्हणतात. पण वाढलं म्हणजे कशाच्या मानानं वाढलं? माझ्या बाबतीत ते सांगू शकली ती फक्त माझी वही. मी माझे ब्लाउज स्वतः शिवते. त्यात लिहिलं होतं, डावा दंड बारा इंच.

मला घाबरवायचं नाही म्हणून आपण आकडे सांगितले नाहीत, हा आपला मोठेपणा. ऑपरेशनच्या कागदावर मी सही केली तेव्हा माझा हात थरथरला नव्हता, पण पुढे हात सुजू शकतो एवढं ऐकून मी कोसळेन, असं आपल्याला वाटलं असावं. २०१३ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब छापून आला. त्यानुसार स्तनाच्या कर्करोगातून वाचलेल्या बायकांपैकी साधारण पाचातल्या एकीचा हात सुजतो. काखेतल्या ग्रंथी साफ केल्या तर हे प्रमाण २० टक्क्यांच्या घरात, आणि सेंटिनल, म्हणजे काखेतली पहिली ग्रंथी तेवढी तपासून थांबता आलं तर ६ टक्क्यांच्या आत. काखेवर रेडिएशन झालं किंवा वजन जास्त असलं तर धोका आणखी वाढतो. बहुतेकींना ही सूज पहिल्या दोन-तीन वर्षांत गाठते, काहींना बऱ्याच वर्षांनी. पाचात एक! माझ्या शिवणवर्गाच्या एका बाकावर पाच मुली बसतात.

आता आपल्या त्या एकमेव सूचनेकडे वळते. कार्डात नसली तरी निघताना दाराशी आपण ती दिलीत, म्हणजे आपलं लक्ष होतं! आपण म्हणालात, ‘या हातानं काही उचलायचं नाही.’ आपला शब्द मी देवाचा शब्द मानला. कपाची बशी उचलली नाही. हात पोटाशी धरून बसले. काही आठवड्यांत काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली तार ओढावी तसं झालं, आणि खांदा असा धरला की ब्लाउज चढवायला मुलीला हाक मारावी लागे. पायमशीनवर कापड पुढे सरकवायला डावा हात लागतो. तो कापडापर्यंत पोचेना.

त्या तारेवर ताणाचे हलके व्यायाम असतात आणि बहुतेकींची तार त्यानं सुटते, हे मला नंतर कळलं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून मूठ उघड-मीट करायची असते, कोपर वाकवायचं असतं. ड्रेन असेपर्यंत हात खांद्याच्या रेषेपर्यंतच न्यायचा. मग हळूहळू भिंतीवर बोटांनी वर चढायचं, काठी दोन्ही हातांत धरून डोक्यावर न्यायची. हे शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट पुरते. आपल्या इमारतीत त्यांचा विभाग होता. मी डिस्चार्जच्या दिवशी त्याच्या दारावरून चालत गेले. त्या दारात मला आत ढकलण्याचा त्रास आपण कोणाला दिला नाहीत.

माझी मुलगी कॉलेजात शिकते. तिनं शोधून वाचून दाखवलेल्या दोन-तीन गोष्टी आपल्या माहितीत असतीलच, तरी आपल्या चरणी ठेवते. १९९६ साली कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये डॉन मॅकेंझी नावाच्या डॉक्टरांनी स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या २४ बायकांना लांबलचक ड्रॅगन बोटीत बसवून वल्ही मारायला लावली. तोवर सगळे म्हणत की अशानं हात सुजणार. तसं झालं नाही. २००९ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी हात आधीच सुजलेल्या १४१ बायकांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्यांना वर्षभर, आठवड्यातून दोनदा, बेतानं वाढवत वजन उचलायला दिलं. त्यांची सूज वाढली नाही. उलट दुखणं उसळण्याचं प्रमाण त्यांच्यात १४ टक्के होतं आणि वजन न उचलणाऱ्यांत २९ टक्के.

आणि २०१० सालचा स्पेनमधला एक अभ्यास. माद्रिदजवळच्या अल्काला गावात, काखेतल्या ग्रंथी काढलेल्या १२० बायका. निम्म्यांना ऑपरेशननंतर लगेच फिजिओथेरपी आणि हाताची माहिती दिली, निम्म्यांना नुसती माहिती. वर्षभरानं नुसती माहिती मिळालेल्यांपैकी २५ टक्क्यांचा हात सुजला होता, फिजिओथेरपी मिळालेल्यांपैकी ७ टक्क्यांचा. एका अभ्यासानं सगळं सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण त्यातल्या ज्या गटाला कमी मिळालं, त्यालासुद्धा माहिती मिळाली होती, डॉक्टरसाहेब. आपण मला त्या गटातही बसवलं नाहीत.

सूज आली तेव्हा आपल्याला त्रास द्यायला मी हजर झाले, त्याबद्दल क्षमस्व. आधी नुसता जडपणा होता. मग डाव्या हातातल्या बांगड्या साबण लावूनही निघेनात. मग ब्लाउजची डावी बाही दंडाला काचू लागली. मी आतली शिलाई उसवून सैल केली. पुन्हा काचली. टेप लावली, तेरा इंच. कातडीवर अंगठा दाबून उचलला की खळगा पडायचा आणि सावकाश भरून यायचा. रात्रभर हात उशीवर ठेवला की सकाळी उतरलेला असायचा. ही पहिली पायरी. हात वर ठेवून सूज उतरते तोवर ती आटोक्यात आणणं सर्वांत सोपं असतं. या पायरीवर मी आपल्यासमोर उभी होते.

आपण सोनोग्राफी केलीत, रक्ताची गुठळी नाही, आजार उलटलेला नाही, याची खात्री करून घेतलीत. ते योग्यच केलंत. मग आपण ते अजरामर वाक्य उच्चारलंत, ‘अहो बाई, जीव वाचला ना? हाताचं काय घेऊन बसलात!’ बाहेर रांगेतल्या बायकांनाही ते ऐकू गेलं, त्यामुळे त्यांच्यापैकी कोणी आपल्या हाताबद्दल विचारायचं धाडस केलं नसणार. आपला केवढा वेळ वाचला!

डॉक्टरसाहेब, या हाताचं मी काय घेऊन बसले होते ते सांगते. घरभाडं. मुलीची फी. ज्या जिवाला आपण वाचवलंत, त्याचं दोन वेळचं जेवण.

रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही म्हणून आपण पाणी उतरवायच्या गोळ्या लिहून दिल्यात, हा आणखी एक उपकार. त्या गोळ्यांनी रात्री चार वेळा उठायला लावलं, पायांत गोळे आणले, तोंड कोरडं पाडलं. हात होता तिथेच राहिला. लिम्फेडेमाच्या सुजेत नुसतं पाणी नसतं, त्यात प्रथिनं अडकलेली असतात. गोळी पाणी लघवीवाटे काढते, प्रथिनं मागेच राहतात आणि पाण्याला पुन्हा ओढून आणतात. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी ज्यांना अशी गोळी चालू आहे त्यांनी ती घेतच राहावी. माझ्या हातासाठी मात्र तिचा उपयोग नव्हता, आणि हे वैद्यकाच्या पुस्तकांत लिहिलेलं आहे.

आपल्या कंपाउंडरसाहेबांचेही आभार. त्यांनी मेडिकलमधून साधं क्रेप बँडेज आणवलं आणि मनगटापासून दंडापर्यंत करकचून आवळलं. बोटं उघडीच. संध्याकाळपर्यंत पंजा पुरीसारखा फुगला, कारण बांधलेल्या भागातलं सगळं खाली उतरलं. सुई धरता येईना.

पुढे माझी आणखी सोय झाली. आपल्याकडून उत्तर मिळेना, म्हणून शेजारपाजारच्यांनी आपापली उत्तरं दिली. ‘हात काहून सुजला वो बाई? हत्तीपाय तं नाही?’ आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे हत्तीरोग नवा नाही. त्याची तपासणी रात्रीच्या रक्ताची असते, कारण ते सूक्ष्म जंतू रात्रीच रक्तात फिरतात. मी रात्री रक्त देऊन आले. काही निघालं नाही. निघणार कसं? माझा रस्ता डासानं नव्हता बंद केला. मग कोणी मालीशवाली सुचवली. तिनं तेल लावून हात पिळून काढला आणि तो लालभडक झाला. आपण दोन वाक्यं बोलला असता तर एवढ्या लोकांना माझ्या हातावर कष्ट घ्यावे लागले नसते.

आणि ती तापाची रात्र. शिवताना बोटाला सुई टोचली. टेलरला सुई टोचणं ही काही बातमी नव्हे. पण रात्री हुडहुडी भरली, हातावर लाल चट्टा कोपराकडे चढत गेला, हात हातासारखा दिसेना. सुजलेल्या हातात जंतूंना आयतं खाद्य असतं आणि त्यांना अडवणाऱ्या ग्रंथी जागेवर नसतात. अशा वेळी मालीश नाही, पट्टी नाही, त्याच दिवशी डॉक्टर आणि अँटिबायोटिक. हे मला सरकारी दवाखान्यातल्या रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरनं सांगितलं. अंगुस्तान घालून शिवत जा, भाजी चिरताना जपा, कातडी कोरडी पडू देऊ नका, आंघोळीनंतर मलम लावा, हेही त्यानंच सांगितलं. पन्नास रुग्ण पडलेल्या वॉर्डात, उभ्या उभ्या. एवढं सांगायला किती वेळ लागतो, ते मी त्या रात्री पाहिलं. त्यानंच चिठ्ठीवर लिहिलं, लिम्फेडेमा, फिजिओथेरपी. आपल्या पेनातून न उतरलेले हे दोन शब्द त्याच्या पेनातून उतरले. तोवर दंडघेर चौदा इंचांवर गेला होता आणि रात्रभर उशीवर ठेवूनही हात उतरत नव्हता.

ती चिठ्ठी घेऊन मी नागपूरला ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले, आता त्यांच्याबद्दल. त्यांचं काम आपण बघितलं नसणार, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्यांनी आधी माझे दोन्ही हात मोजले. पुढे मागे कधी आलात तरी हेच बिंदू, म्हणून पेनानं खुणा केल्या आणि आकडे तक्त्यात भरले. मग मला समजेल असं सांगितलं. बांधीतल्या धानाचं पाणी खालच्या बांधीत जायचा पाट बुजला, तर वरून येणारं पाणी तुंबणारच. तुंबलेल्या बांधीत घमेल्यानं पाणी उपसून भागत नाही, आधी बाजूचा पाट मोकळा करावा लागतो. म्हणून त्यांनी सुरुवात हाताला केलीच नाही. पोटातून खोल श्वास घ्यायला लावला. मग मानेच्या बाजूला, मग उजव्या काखेत, मग डाव्या जांघेकडे, बोटांनी कातडी हलकेच ताणून सोडत गेल्या. मला वाटलं, यांना जोर लावता येत नाही. पण जोर लावायचाच नसतो. लसीका वाहिन्या कातडीच्या लगेच खाली असतात आणि दाबल्या की मिटतात. हृदयासारखा पंप त्यांना नाही. श्वास, स्नायूंची हालचाल आणि वाहिन्यांचं स्वतःचं आकुंचन, एवढ्यावर त्यांचं चालतं. ही हलक्या हाताची रीत १९३० च्या दशकात एमिल व्होडर आणि त्यांच्या पत्नी एस्ट्रिड या डॅनिश जोडप्यानं फ्रान्समध्ये बसवली. म्हणजे नवी म्हणून आपल्या कानावर आली नसेल, असंही म्हणता येत नाही.

मग पट्ट्या. मलम, त्यावर सुती जाळी, प्रत्येक बोटाला वेगळी बारीक पट्टी, त्यावर मऊ कापसाचा थर, आणि मग कमी ताणल्या जाणाऱ्या खास पट्ट्या. पंजा आणि मनगटाकडे जास्त थर, खांद्याकडे जाताना कमी, म्हणजे दाब खालून वर उतरता राहतो. मी आयुष्यभर कापडाचा ताण बघत आले. एवढ्या सारख्या ताणानं पट्टी घालणारा हात मी शिवणकामातही क्वचित पाहिला. ती पट्टी दुसऱ्या दिवशी सोडेपर्यंत ठेवायची, आणि ती असताना मूठ आवळायची, कोपर वाकवायचं, म्हणजे स्नायू आतून पट्टीवर दाबतात आणि पाणी वर सरकतं. चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाच्या वर असताना, पाच थरांत गुंडाळलेला हात घेऊन मी मशीनवर बसले. पट्टीखाली घाम झिरपायचा, खाज सुटायची. आठवडे गेले तशी टेप खाली येत गेली. शेवटी पावणेतेरा इंच.

बाराला तो परतला नाही. पहिल्याच खेपेला पाठवलं असतंत तर कदाचित परतला असता. आता हात टिकवायला दिवसभर दाबाची बाही घालायची, रात्री काढायची. ती बाही हात उतरल्यावर माप घेऊनच आणावी लागते, धुवायला म्हणून दोन लागतात, काही हजार रुपये पडतात आणि साधारण सहा महिन्यांत तिचा ताण जातो. भरती न होता झालेला खर्च म्हणून माझ्या विम्यात ती बसली नाही. शिलाईच्या पैशांतून घेते. आपण केलेलं ऑपरेशन विम्याच्या योजनेत बसलं होतं, त्यातून उरलेलं हे बिल आपण माझ्या नावावर लावून दिलंत, याबद्दल आभार मानायचे राहून जाऊ नयेत.

एका मोठ्या माणसाचं नाव आपल्यापुढे घेते, राग मानू नये. विल्यम हॅलस्टेड. स्तनाच्या कर्करोगाचं मोठं ऑपरेशन ज्यांच्या नावानं शंभर वर्षं ओळखलं गेलं, ते बाल्टिमोरचे सर्जन. १९२१ साली त्यांनी एक निबंध लिहिला. विषय, स्तनाच्या ऑपरेशननंतर सुजणारा हात, त्याची कारणं आणि तो सुजू नये म्हणून काय करावं. ज्यानं ते ऑपरेशन जगाला शिकवलं, त्याला बाईच्या हाताबद्दल लिहावंसं वाटलं. त्याला शंभरावर वर्षं झाली. आपण सुरी त्यांची घेतलीत आणि काळजी तिथेच ठेवून आलात.

इथवर आदरानं लिहिलं. पुढचं मला आदरानं लिहिता येत नाही.

फिजिओथेरपीच्या बाकावर माझ्या शेजारी वरोऱ्याकडची एक कापूस वेचणारी बाई बसायची. वेचणीत बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटं सोलवटतात. प्रत्येक हंगामात तिचा हात तापत होता, सुजत होता, आणि दर वेळी थोडा अधिक जाड होऊन राहत होता. तिची कातडी आता दाबली तरी खळगा पडत नाही, इतकी कडक झाली आहे. तिला कोणीच काही सांगितलं नव्हतं. वहीही नव्हती तिच्याकडे. माझ्या पट्ट्या सुटताना बघून ती म्हणाली, ‘हे आधीच काहून नाही सांगतलं वो आपल्याले?’ मी तिला काय उत्तर देऊ, डॉक्टर? आपल्याला रांग होती, म्हणून सांगू? जीव वाचला ना, म्हणून सांगू?

भारतात वर्षाला १ लाख ९० हजारांवर बायकांना स्तनाचा कर्करोग होतो, असा २०२२ चा अंदाज आहे. आपल्याकडे पुष्कळ बायका उशिरा येतात, म्हणून पुष्कळींच्या काखेतल्या ग्रंथी काढाव्या लागतात. त्या काढू नका असं मी म्हणत नाही. ते ठरवायचा अधिकार आपला आहे. पण त्या काढल्यावर हाताचं काय होऊ शकतं, हे सांगण्याचं कामही आपलंच आहे. ते शेजारणीवर, मालीशवालीवर आणि रात्रपाळीच्या पोरावर टाकता येत नाही. बाई कामाला लागेपर्यंत उपचार संपत नाही. आपण तो टाक्यांपाशी संपवलात.

माझं मागणं फार नाही. ऑपरेशनच्या आधी दोन्ही हात मोजा. दुसऱ्या दिवशी वॉर्डात फिजिओथेरपिस्ट पाठवा. दर भेटीला टेप लावा. डिस्चार्ज कार्डावर हातासाठी चार ओळी छापा, मराठीत छापा. सूज दिसली तर इतर कारणं तपासून त्याच आठवड्यात फिजिओथेरपीची चिठ्ठी द्या. छपाईचा खर्च परवडत नसेल तर सांगावं. कार्डांचा पहिला गठ्ठा मी छापून देते.

आणि हे पत्र वाचणाऱ्या बायांनो, तुम्हाला सांगते. तुमचं, तुमच्या आईचं, सुनेचं, नणंदेचं ऑपरेशन ठरलं असेल, तर भरती व्हायच्या आधी दोन्ही हातांना टेप लावा. मनगट, कोपर, आणि कोपराच्या वर-खाली चार-चार बोटांवर. आकडे तारखेसकट लिहून ठेवा. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी विचारा, हाताचे व्यायाम कोण शिकवणार? हात पोटाशी धरून बसू नका, शिकवतील तसा बेतानं वापरा. बांगडी घट्ट झाली, बाही काचली, हात जड वाटला, तर थांबू नका, लगेच दाखवा. लाली आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सुजलेला हात उशिरा आला तरी फिजिओथेरपीनं बराच सुधारतो, म्हणून ज्यांची वर्षं गेली त्यांनीही जावं. आणि कोणी म्हणालं, जीव वाचला ना, तर त्यांना शांतपणे सांगा: वाचला, म्हणूनच हात हवा आहे. फिजिओथेरपी ही डॉक्टरांची मेहेरबानी नाही. ती तुमच्या उपचाराचा भाग आहे, ती मागून घ्या.

आपली नम्र,
डिस्चार्ज कार्डावर हात नसलेली एक रुग्ण